मुक्काम मलकापूर : वळणाची शाळा

मलकापूरला सगळे काही सरळ आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे गावावरून सरळ जाते, मुंबई-कलकत्ता हमरस्ता सरळ जातो आणि शेतातली पऱ्हाटीची तासेही सरळ असतात. माणसांबद्दल मी बोलत नाही. विम्याचा धंदा करणाऱ्याने गिऱ्हाइकांबद्दल छापून बोलू नये. ज्याला वळण म्हणावे असे काही पाहायचे तर मोताळ्यावरून बुलढाण्याच्या वाटेला लागावे आणि राजूरचा घाट गाठावा. तिथे रस्ता डोंगराच्या अंगाअंगाने असा फिरतो की एस.टी.तल्या बायका पदर तोंडाला लावून पिशवीत लिंबू शोधू लागतात. आणि आमच्या तालुक्यातल्या तरुण मंडळींना नेमका तोच घाट प्यारा!

मराठीत ‘वळण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, मुलाला वळण लावावे लागते, आणि मुलगा बापासारखा निघाला की पाणी वळणावर गेले असे आपण म्हणतो. यांपैकी रस्त्याचे वळण शिकवणारी एखादी शाळा असते, तिथे फी घेतात, फळा असतो, मास्तर असतात आणि चुकले तर पुन्हा घोकून घेतात, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते. २०२४च्या फेब्रुवारीत मी त्या शाळेचे दोन दिवस काढून आलो. त्याची हकीकत या दिवाळीच्या पानावर सांगतो.

प्रकरण सुरू झाले ते आमच्या भाचेबुवांपासून. वय वर्षे बावीस. दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. पगाराचा मोठा हिस्सा आईच्या हाती देऊन उरलेल्यातून दोन वर्षे पैसा साठवला, आणि एका रविवारी जेवताना जाहीर केले, “आई, मी मद्रासला जाणार. मोटारसायकलच्या शर्यतीची शाळा आहे. पुढे जमलं तर नवशिक्यांच्या शर्यतीत उतरणार.”

ताईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली.

वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमचे भाऊजी २०१७ साली याच हमरस्त्यावर गेले. रात्रीची वेळ, फटफटीवर एकटेच, आणि रस्त्यात आस तुटून उभा असलेला ट्रक. मागे दिवा नाही, झाडाची फांदी नाही, दगडसुद्धा लावलेला नाही. त्यांच्या विम्याच्या दाव्याचा अर्ज मीच भरला. वारसाच्या रकान्यात ताईचे नाव लिहिताना माझे नेहमीचे अक्षर त्या दिवशी राहिले नाही.

तेव्हा ताई नाही म्हणणार, रडणार, जेवण टाकणार, अशी माझी खात्री होती. पण ताईने पोळी उलटली आणि एवढेच म्हणाली, “पैसे तुझे आहेत, पण तू माझा आहेस. भाऊ बरोबर जाईल. तो सगळं पाहील आणि मला येऊन सांगेल. त्याच्या सांगण्यावरून मी ठरवीन.”

म्हणजे पंच म्हणून माझी नेमणूक झाली! आता पंचाने नुसते कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसावे, तर त्याला काय कळणार? पॉलिसीच्या अटी वाचल्याशिवाय मी कधी कोणाला सल्ला दिला नाही. तीस वर्षे मी तालुक्यातली गावे फटफटीवरून पालथी घातली आहेत. तेव्हा मीही अर्ज भरून टाकला. आमच्या सौ. म्हणाल्या, “वय काय, सोंग काय!” आणि तरीही बरोबर चकल्यांचा डबा दिला.

तसे पाहिले तर शर्यत आम्हा वऱ्हाडी माणसांना नवी नाही. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यतीच. त्या पाहायला माणसे पाच-पाच कोस जात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या आणि १८ मे २०२३च्या निकालाने नियम-अटींसह पुन्हा चालू राहिल्या. पण पटात बैल धावतात, माणूस धुरकरी असतो. इथे धावणारा आणि हाकणारा दोन्ही एकच, आणि खाली घोडे बांधलेले लोखंड. प्रवासात सबंध तेलंगण-आंध्र ओलांडेपर्यंत मी हाच विचार करत होतो. नवजीवन एक्सप्रेसच्या वरच्या बाकावर भाचेबुवा मात्र घोरत होते.

मद्रासचा हा शर्यतीचा ट्रॅक शहराबाहेर, बंगळूरच्या रस्त्यावर, इरुंगाट्टुकोट्टै नावाच्या गावी आहे. नाव उच्चारतानाच जिभेला तीन वळणे घ्यावी लागतात. आणखी थोडे पुढे गेले की श्रीरामानुजाचार्यांचे जन्मगाव श्रीपेरुंबुदूर लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ सालची. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर होत. विमानांची पट्टी ती, तिच्यात वळण कुठून येणार? पुढे क्लबाने स्वतःची जागा घेऊन खास शर्यतीसाठी रस्ता बांधला. तो १९९० साली खुला झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, आणि वळणे बारा. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते मंडळींची अकादमी आहे, तिथे छोट्या गो-कार्ट गाड्यांवर मुले तयार होतात. पण दुचाकी शिकणाऱ्याला बहुधा मद्रास किंवा कोइमतूरच गाठावे लागते.

शनिवारी सकाळी सातला आमच्यापुढे पहिला कागद आला तो हमीपत्राचा. इतर मुलांनी तो न वाचता सह्या ठोकल्या. मी चष्मा लावला. ‘येथे येणारी इजा, अपंगत्व अथवा मृत्यू यांची जबाबदारी माझी स्वतःची’ असा एकंदर मजकूर. आता एक धंद्यातली गोष्ट सांगून ठेवतो. तुमच्या मोटारसायकलचा जो विमा असतो, त्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही असे स्पष्ट छापलेले असते. आयुर्विम्याबरोबर जो अपघात-लाभ घेतात, त्यातही शर्यतीतला अपघात सहसा वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर पाय ठेवला की माणूस विम्याच्या छत्रीबाहेर गेला. तीस वर्षांत प्रथमच मी स्वतः बिनछत्रीचा उभा होतो. सही केली. ताईच्या मुलाने माझ्या शेजारी केली.

मग पोशाख. चामड्याचा एकसंध सूट, पाठीला ताठ कवच, घोट्यावर चढणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे आणि संपूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट. सूट भाड्याने मिळतो. पण भाड्याचे सूट बावीस वर्षांच्या पोटाकरता शिवलेले असतात. दोन मुलांनी मला दोन्हीकडून धरून आत कोंबले. साखळी वर गेली तेव्हा मला गुऱ्हाळातल्या उसाची कीव आली. मद्रासचे ऊन, त्यात चामडे. फेब्रुवारी असूनही नऊ वाजेपर्यंत आतून आंघोळ झाली. मास्तर म्हणाले, “तहान लागायची वाट पाहू नका, दर तासाला पाणी प्या. पाणी कमी पडलं की आधी हात थकत नाहीत, डोकं थकतं.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यालाही ते लागू आहे.

वर्गात आम्ही सोळा जण. कोइमतूरचा एक दाताचा डॉक्टर, हैदराबादचे दोघे भाऊ, बंगळूरची संगणकवाली तीन-चार मुले आणि पुण्याची एक मुलगी. ती बँकेत नोकरी करते आणि सुट्टी टाकून आली होती. तिने मला पाहताच “काका, तुम्ही कुणाला पोचवायला आलात?” असे विचारले. मी चामड्याच्या सुटाकडे बोट दाखवले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्या हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासून मगच आपल्या गाडीवर बसत असे.

या विद्येचा मोठा आचार्य म्हणजे अमेरिकेतला कीथ कोड. त्याने १९८० साली कॅलिफोर्नियात मोटारसायकलची शाळा काढली. २०१० साली तिचे वर्ग मद्रासच्या याच ट्रॅकवरही भरले. आमची शाळा लहानशी, देशी. पण शिकवण त्याच मुशीतली. या माणसाने काय केले, तर शर्यतीचा बाऊ काढून टाकला आणि तिचे धडे पाडले. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची. वर्गात वीस मिनिटे सांगायचे, ट्रॅकवर वीस मिनिटे करून घ्यायचे, परत येऊन मास्तराने विचारायचे, “काय जाणवलं?” आपल्याकडे बाराखडी जशी शिकवतात तसेच. क, का, कि.

पहिला धडा रेसचा. आपण ज्याला रेस देणे म्हणतो ती उजव्या हाताची मूठ. नियम एवढाच की वळणात शिरण्याआधी वेग हवा तितका कमी करून घ्यायचा, गाडी वळवायची, आणि एकदा वळली की मूठ हलकेच, एकसारखी उघडत न्यायची. वळणाच्या मध्यात मूठ झटकन सोडली तर सारा भार पुढच्या चाकावर येतो, गाडी हव्या त्या वाटेवरून बाहेर जाऊ लागते. माणूस घाबरतो तेव्हा नेमके हेच करतो. मास्तर म्हणाले, “भीती वाटली की हात आपोआप मिटतो. लहान मुलाचाही मिटतो. तो मिटू न देणं, एवढंच शिकायला तुम्ही आला आहात.”

या पहिल्या फेरीत ब्रेक लावायचे नाहीत आणि गिअर एकच ठेवायचा. मंडळी, ब्रेक न लावता बारा वळणे! परिणाम असा होतो की सरळ रस्त्यावर कोणी उगाच पिळत नाही, कारण पुढे आपले आपल्यालाच निस्तरायचे असते. वेगाची हौस सगळ्यांची पहिल्या दोन चकरांतच उतरली. संसारातही ब्रेक नसतो म्हणून माणसे जपून चालतात, असे मला वाटून गेले. पण हेल्मेटच्या आत तत्त्वज्ञान करायला जागा कमी असते.

दुसरा धडा हँडलचा. तो ऐकून वर्गात गलका झाला. गाडी डावीकडे न्यायची असेल तर डावी मूठ पुढे ढकला! म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे, आणि गाडी झुकते डावीकडे. अगदी हळू चालताना आपण हँडल वळवतो तिकडे गाडी जाते. पण वीस-पंचवीसच्या पुढे वेग गेला की गाडी झुकवूनच वळवावी लागते, आणि झुकते ती अशा उलट्या धक्क्याने. सायकलवर बसणारा प्रत्येक माणूस हे नकळत करतो. विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलचे दुकानदार. त्यांतल्या विल्बरने शंभर वर्षांहून आधी हे हेरले होते, आणि सायकलस्वारांना विचारले तर एकालाही आपण असे करतो हे सांगता येत नव्हते, असे तो म्हणे. दोन्ही मुठी हलक्या धरून डावीला नुसता बोटाचा दाब दिला आणि ती तीनशे सी.सी.ची गाडी एखाद्या समजूतदार बैलासारखी वळली, तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ‘वा!’ म्हटले.

तिसरा धडा नजरेचा. गाडी डोळ्यामागे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल, गिट्टीकडे बघाल तर गिट्टीवर. म्हणून वळणाच्या तोंडाशी रस्त्यावर फुली मारून ठेवतात. तिच्यावरून वळायचे, पण तिथे पोचण्याआधीच नजर उचलून वळणाच्या पोटाकडे न्यायची, तिथून बाहेरच्या टोकाकडे. डोळे नेहमी गाडीच्या पुढे एक मुक्काम.

मधल्या सुट्टीत झेंडे शिकवले. पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणाला ओलांडू नका. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा म्हणजे तुम्ही स्वतः मुकाट्याने आत या. काळा-पांढरा चौकड्यांचा म्हणजे संपले. आणि लाल म्हणजे सगळे थांबा. प्रत्येक वळणावर एक झेंडेवाला उन्हात उभा. मी मनाशी म्हटले, आमच्या हमरस्त्यावर त्या रात्री एक जरी पिवळे फडके असते!

शनिवारी दुपारी मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला. हिशेब म्हटला की मी जागा होतो. अठ्ठावीस मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी साठ किलोमीटरने घेतले तर गाडी जमिनीशी अर्ध्या काटकोनात, म्हणजे पंचेचाळीस अंशांत झुकवावी लागेल. तेच तीसने घेतले तर चौदा अंश पुरतात. वेग दुप्पट झाला की बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. ब्रेकचेही तसेच. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट लावता आले तर साठच्या वेगाची गाडी सुमारे वीस मीटरमध्ये थांबते आणि नव्वदची सुमारे पंचेचाळीसमध्ये. आणि त्याआधी डोळ्याने पाहून हाताने ब्रेक धरेपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात साठची गाडी सतरा मीटर आणि नव्वदची पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. बेरीज करा. साठला सदतीस, नव्वदला सत्तर.

फटफटीच्या खालच्या दिव्याचा उजेड किती मीटर पडतो, हे मास्तरांनी सांगितले नाही. मला ते विचारावेसे वाटले नाही. शेजारी भाचा बसला होता. त्यानेही तीच बेरीज केली असावी, कारण त्याची पेन्सिल ‘सत्तर’ या आकड्यावर बराच वेळ फिरत राहिली. सात वर्षांत आम्ही दोघे त्या रात्रीबद्दल कधी बोललो नव्हतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मामा, बाबांचा वेग जास्त नव्हता. त्यांना दिसलंच नसणार.” मी म्हटले, “हो रे.” तेवढेच.

आकड्यांची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक आकडा सांगतो. सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्याने २०२३च्या एका जुलै महिन्यात काय पाहिले ते आठवा. १ तारखेला सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले, आणि २९ तारखेला पहाटे मलकापुरातच दोन खासगी बसगाड्यांच्या धडकेत ६ जण. हे शर्यतीत गेले नाहीत. घरी जात होते, देवदर्शनाहून येत होते.

रविवार उजाडला. आता ब्रेक लावायला परवानगी मिळाली आणि गिअर बदलायलाही. ब्रेकचा धडा प्रत्येक घरातल्या माणसाने शिकावा असा आहे. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, कारण थांबताना भार पुढे येतो. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची धास्ती असते, ‘लावला की पडलास’ असे थोरली माणसे सांगत आली आहेत. पण पडतो तो एकदम आवळणारा, किंवा वळणात झुकलेल्या गाडीवर आवळणारा. सरळ गाडीवर, आधी हलका आणि मग वाढवत नेलेला दाब गाडीला जमिनीशी घट्ट बसवतो. हे आम्ही रिकाम्या जागेत वीस-वीस वेळा केले.

आमचे दोन गट पाडले होते. मी सावकाश गटात, दाताच्या डॉक्टरबरोबर; भाचेबुवा चपळ गटात, पुण्याच्या मुलीच्या मागे. ती सर्वांत वेगवान होती, आणि ते त्यांच्या मनाला लागले असावे. साडेअकराच्या सुमारास आमचा गट विश्रांतीला आला आणि त्यांचा आत गेला. मी भिंतीशी उभा राहून दर चकरेला त्यांचा सत्तावीस नंबर पाहत होतो. पाचव्या चकरेनंतर समोरच्या झेंडेवाल्याने लाल झेंडा काढला.

सगळ्या गाड्या हळूहळू आत येऊ लागल्या. एक, दोन, तीन. पुण्याची मुलगी आली. हैदराबादचे भाऊ आले. सात आल्या आणि रांग संपली. सत्तावीस नव्हती. दुसऱ्या टोकाला उभी असलेली पांढरी गाडी ट्रॅकवरून निघाली. मंडळी, मी किती तरी घरांत वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाच्या मागोमाग गेलो आहे. माझे पाय कसे झाले ते सांगत नाही. खिशात फोन होता आणि त्यात ताईचे नाव सर्वांत वर होते.

सहा-सात मिनिटांनी पांढरी गाडी आली. मागचे दार उघडून भाचेबुवा आपल्या पायांनी उतरले. उजव्या खांद्यापासून मांडीपर्यंत चामडे घासून पांढरे पडले होते, आणि कोपरावरची शिवण उसवली होती. आत ओरखडा नव्हता. मनगट मुरगळले होते तेवढेच. डॉक्टरांनी बोटे हलवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी टाकली, आजची तारीख विचारली, आणि दुपारची एक फेरी बंद असे सांगितले. मोडलेल्या ब्रेकच्या दांडीचे पैसे त्याने साठवणीतून मोजले.

मास्तर रागावले नाहीत. पाण्याची बाटली हातात देऊन त्यांनी विचारले, “पडण्याआधी कुठे पाहत होतास?”

“कडेच्या गवताकडे.”

“आणि हात?”

“मिटला. ब्रेकसुद्धा ओढला गेला.”

“मग गेलास कुठे?”

“गवतात.”

“ठीक. आता वर्गात सगळ्यांना हे तूच सांग.” त्याने फळ्याशी उभे राहून सांगितले. माझ्या मते सबंध दोन दिवसांतला तो सर्वांत चांगला धडा होता. दुपारच्या शेवटच्या फेरीत तो पुन्हा आत गेला, सर्वांच्या मागून, आणि त्याच वळणावर दर वेळी मान वळवून बाहेरच्या टोकाकडे पाहताना मला दिसला. त्याच फेरीनंतर आम्हाला प्रमाणपत्रे मिळाली. शर्यतीत उतरायचे तर यापुढे मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा परवाना काढावा लागतो, हेही कळले.

परतीच्या गाडीत मी त्याला म्हटले, “पडल्याचं आईला मी सांगू का तू सांगतोस?” तो म्हणाला, “मीच सांगतो, मामा. तुम्ही फक्त शेजारी बसा.”

त्याने सांगितले. काही लपवले नाही. चामड्याचा फोटोही दाखवला. ताईने तो बराच वेळ पाहिला. ती रागावेल म्हणून मी आधीच घसा खाकरून ठेवला होता. पण ती माझ्याकडे वळली आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी विचारू लागली.

“तिथे समोरून गाड्या येतात?”

“नाही. सगळ्या एकाच दिशेनं.”

“ढोरं? बैलगाड्या?”

“कुंपण आहे.”

“रात्री चालवतात?”

“नाही. पाचला बंद.”

“वाटेत ट्रक उभा असतो?”

“पाना पडला तरी झेंडा दाखवतात, ताई.”

“आणि पडला तर डॉक्टर किती वेळात?”

“सहा-सात मिनिटं. मी मोजली.”

ताई उठली, देवापुढची समई सारखी केली आणि म्हणाली, “मग त्याला जे काय चालवायचं ते तिथेच चालवू दे. वर्षातून एकदा जाऊ दे, दोनदा जाऊ दे. माझं भांडण शर्यतीशी नाही. माझं भांडण या रस्त्याशी आहे.”

मी मोठे भाषण तयार करून आणले होते. वेगाचे, भौतिकशास्त्राचे, विम्याचे. ते तसेच राहिले. पंचाला निकाल द्यावा लागला नाही.

वाचकहो, तुमच्या घरी शर्यतीची हौस असेल-नसेल, पण एखादी दुचाकी नक्की असेल. दिवाळीत मामाच्या गावी, बहिणीच्या घरी तिच्यावरून जाणेयेणे होईल. म्हणून त्या शाळेतल्या चार गोष्टी फी न घेता सांगतो. हेल्मेट आय.एस.आय. खुणेचे असू द्या, पट्टा लावलेला असू द्या, आणि ते मागे बसणाऱ्या माउलीच्या डोक्यावरही असू द्या; कायदाही तेच सांगतो. मुलाला एखाद्या सकाळी रिकाम्या मैदानात नेऊन पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत लावायला शिकवा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नको. आणि जिथे जायचे आहे तिकडे पाहा, ज्याची भीती वाटते तिकडे नको. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागे फांदी, दगड, दिवा, जे मिळेल ते लावल्याशिवाय तिथून हलू नका. तुमच्यामागून कोणाचे तरी भाऊजी येत असतात.

आमच्या भाचेबुवांनी परवान्यासाठी पुन्हा पैसे साठवायला सुरुवात केली आहे. राजूरच्या घाटात मित्रांबरोबर जाणे त्यांनी सोडले; विचारले तर म्हणतात, “तिथे झेंडेवाला नाही.” ताईने मात्र एक अट घातली आहे आणि ती अद्याप मोडलेली नाही. दिवेलागणीनंतर त्यांच्या फटफटीची किल्ली देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी असते, आणि सकाळी देवपूजा झाल्याशिवाय ती कोणाच्या हाती पडत नाही.